‘छुन-छ्यू’तील पदव्या आणि त्यांचा ऐतिहासिक अर्थ

प्राचीन चीनच्या इतिहासाच्या अभ्यासकास जे ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही, त्यांत ‘छुन-छ्यू’ म्हणजे ‘वसंत आणि शरद’ ह्या इतिवृत्ताचे स्थान अग्रगण्य आहे. आजच्या शान्तुंग प्रांतात वसलेल्या लू नामक राज्याच्या दरबारातील ही वर्षवार नोंद होय. इ. स. पू. ७२२ ते इ. स. पू. ४८१ ह्या २४२ वर्षांत लूच्या गादीवर बसलेल्या बारा अधिपतींच्या कारकिर्दी तीत आल्या आहेत. नोंदी अत्यंत त्रोटक आहेत. कोणी कोणावर स्वारी केली, कोण कोठे भेटले, कोण निवर्तला, सूर्यग्रहण केव्हा झाले, एवढेच सांगून इतिवृत्तकार पुढील नोंदीकडे वळतो. घटनेचे कारण तो सांगत नाही, परिणाम सांगत नाही, आणि स्वतःचे मतही देत नाही. अशा विशेषणहीन लेखनात व्यक्तीच्या नावामागे लावलेली पदवी हीच काय ती तिच्या योग्यतेची खूण उरते. म्हणूनच ह्या ग्रंथावरील टीकेचा फार मोठा भाग पदव्यांच्या अर्थाभोवती फिरत राहिला आहे.

ह्या पदव्या पाच आहेत : कुंग, हौ, पो, त्झु आणि नान. सुंग राज्याचा अधिपती कुंग. पूर्वेकडील बलाढ्य छी आणि उत्तरेकडील चिन ह्यांचे अधिपती हौ. चेंगचा आणि पश्चिमेकडील छिनचा पो. दक्षिणेतील छू आणि वू ह्यांचे त्झु. आणि श्यू ह्या लहानशा राज्याचा नान, असा ‘छुन-छ्यू’चा सामान्य परिपाठ दिसतो. ह्या सर्वांच्या वर चौ वंशाचा राजा. ‘राजा’ ही संज्ञा इतिवृत्तकार त्याच्यावाचून कोणासही देत नाही. प्रश्न असा की, ही पाच नावे म्हणजे चौ राजाने आपल्या मांडलिकांस ठरवून दिलेली एक स्थिर श्रेणी होती काय? आणि तसे नसल्यास ‘छुन-छ्यू’तील पदवी हा नेमका कशाचा पुरावा मानावयाचा?

पंचश्रेणीची कल्पना ज्या ग्रंथांवर आधारलेली आहे, त्यांची साक्ष प्रथम तपासली पाहिजे. मेन्शियस ह्या तत्त्वज्ञाला चौ राजवटीतील पदांची रचना कशी होती असे विचारण्यात आले, तेव्हा तपशील आता कळू शकत नाही, कारण ह्या रचनेच्या नोंदी आपल्या हिताआड येतात असे वाटल्यामुळे अधिपतींनी त्या नष्ट केल्या, असे त्याने सांगितले. तरीही एक रूपरेषा त्याने दिली. तीत पहिले पद स्वतः राजाचे असून त्झु आणि नान मिळून एकच पद होते. म्हणजे पाचांची संख्या राजाला धरून पुरी होते. ‘ली-ची’ ह्या ग्रंथातील राजव्यवस्थेवरील प्रकरणात राजाला वगळून त्झु आणि नान वेगळे मोजले आहेत, आणि मग पाच पदे होतात. जमिनीच्या प्रमाणाविषयीही असाच विसंवाद आहे. मेन्शियसच्या मते कुंग आणि हौ ह्यांना शंभर ली चौरस, पोला सत्तर आणि त्झु-नान ह्यांना पन्नास ली चौरस भूमी होती. ‘चौ-ली’त मात्र हेच आकडे पाचशे, चारशे, तीनशे, दोनशे आणि शंभर असे सुबक उतरत्या क्रमाने येतात. प्रत्यक्ष राज्यकारभारातून आलेल्या आकड्यांत इतकी सुबकता सहसा आढळत नाही. हरवलेल्या व्यवस्थेची आठवण पुढील पिढ्यांनी आपापल्या परीने नीटनेटकी करून मांडली, असेच ह्या तिन्ही ग्रंथांच्या तुलनेवरून म्हणावे लागते.

‘छुन-छ्यू’च्या भाष्यकारांनी मात्र ही श्रेणी गृहीतच धरली. कन्फ्यूशियसने लूच्या दरबारी नोंदी हाती घेऊन त्यांतील शब्दाशब्दांत स्तुती आणि निंदा भरली, आणि त्यामुळे बंडखोर मंत्री व दुष्ट पुत्र भयभीत झाले, ही श्रद्धा मेन्शियसपासून चालत आली आहे. ‘कुंग-यांग’ आणि ‘कू-ल्यांग’ ही भाष्ये ह्या श्रद्धेवरच उभी आहेत. त्यांतील ‘कुंग-यांग’ने तर संबोधनांची एक सात पायऱ्यांची शिडीच सांगितली आहे. प्रदेशाच्या नावाने उल्लेख हा सर्वांत हलका, त्याहून वर राज्याचे नाव, त्यानंतर कुळ, मग ‘अमुक राज्याचा माणूस’, मग व्यक्तिनाम, मग आदरनाम आणि सर्वांत वर त्झु ही पदवी. छू राज्याच्या नोंदी ह्या शिडीला चांगल्या जुळतात असे सकृद्दर्शनी वाटते. इ. स. पू. ६८४ मध्ये त्याचा उल्लेख केवळ ‘चिंग’ ह्या प्रदेशनामाने येतो. ६७१ मध्ये ‘चिंगचा माणूस’ लूच्या भेटीस येतो. ६५९ मध्ये प्रथम ‘छू’ हे नाव येते. आणि ६३९ मध्ये ‘छूचा त्झु’ इतर अधिपतींच्या पंक्तीस बसतो. भाष्यकारांच्या दृष्टीने ही एका रानटी राज्याची संस्कृतीकडे झालेली वाटचाल असून कन्फ्यूशियसने ती पायरीपायरीने गौरविली आहे.

ह्या मताची उलट बाजू जेम्स लेग ह्यांनी मांडली. १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यांनी ‘छुन-छ्यू’वर सत्य लपविल्याचा आणि त्याचा विपर्यास केल्याचा कठोर ठपका ठेवला. जो ग्रंथ खून झालेल्या अधिपतीविषयी केवळ ‘निवर्तला’ असे लिहितो, त्याची थोरवी गाण्याजोगे काय आहे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, भाष्यकार आणि लेग ह्या दोघांच्याही विचारांत एक समान गृहीत आहे. प्रत्येक शब्द हा घटनेविषयीचा निर्णय आहे, असे दोघेही मानतात. एकाला तो निर्णय न्याय्य वाटतो, दुसऱ्याला खोटा. तो मुळात निर्णय आहे काय, ही शंका दोघांपैकी कोणासच येत नाही.

ह्या गृहीताची कसोटी प्रथम ग्रंथाच्या अंतर्गत पुराव्यानेच घेता येते. इ. स. पू. ६५६ मध्ये श्यूच्या अधिपतीचा मृत्यू नोंदताना इतिवृत्तकार त्याला ‘नान’ म्हणतो. त्याच वर्षी त्याच्या दफनाची नोंद करताना मात्र ‘श्यूचा मू कुंग’ असे लिहितो. हा अपवाद नव्हे. मृत्यूच्या नोंदीत हौ, पो किंवा नान असलेले अधिपती दफनाच्या नोंदीत ‘कुंग’ होतात, इ. स. पू. ६९५ मधील त्सायच्या ह्वान हौची नोंद तेवढी ह्या नियमास सोडून आहे. एकाच व्यक्तीचा दर्जा मरण आणि दफन ह्यांमधील काही महिन्यांत चार पायऱ्या वर चढला, असे कोणी म्हणणार नाही. सरळ अर्थ असा की, मृत्यूची नोंद लूच्या दृष्टीने केली जाते, आणि दफनाच्या नोंदीत त्या त्या राज्याने आपल्या मृत अधिपतीस दिलेले आदरनाम उतरून घेतले जाते. पदवी येथे व्यक्तीला चिकटलेली नाही. ती नोंदीच्या प्रकाराला चिकटलेली आहे.

हा नियम ध्यानात घेतला म्हणजे छूच्या राजांच्या दफनाची नोंद का नाही, हेही उलगडते. छूच्या अधिपतीने इ. स. पू. ७०४ मध्येच स्वतःस राजा म्हणवून घेतले होते. इ. स. पू. ५९१ मध्ये त्याचा पराक्रमी वंशज च्वांग निवर्तला, तेव्हा ‘छूचा त्झु’ मरण पावल्याची नोंद झाली, दफनाची नाही. दफनाची नोंद केली असती, तर परिपाठाप्रमाणे ‘छूचा च्वांग राजा’ असे लिहावे लागले असते, आणि लूच्या दप्तरात चौ राजावाचून दुसरा राजा संभवत नाही. ह्या वर्ज्य शब्दासाठीच छू आणि वू येथील दफने गाळली जातात, हे खुद्द ‘कुंग-यांग’ भाष्यानेच सांगितले आहे. म्हणजे नोंदीतील मौन हे व्यक्तीच्या निंदेसाठी नसून दप्तराच्या भाषेतील अडचण टाळण्यासाठी आहे.

‘त्झु’ ह्या शब्दाचा वापर तर अधिकच बोलका आहे. इ. स. पू. ६५१ मध्ये क्वेछ्यू येथे झालेल्या सभेत सुंगचा अधिपती ‘सुंगचा त्झु’ म्हणून नोंदला आहे. सुंग हे तर कुंग पदवीचे राज्य. कारण असे की, त्याचा पिता नुकताच निवर्तला होता आणि तो सुतकात होता. सुतकातील कुंग आणि हौ ह्यांना त्झु म्हणावयाचे, असा नियम ‘त्सो-च्वान’ ह्या तिसऱ्या भाष्याने सांगितला आहे. इ. स. पू. ६३२ च्या च्येनथू येथील शपथसभेत ‘वेचा त्झु’ येतो. तेथे वे राज्याचा हौ परागंदा असून त्याचा भाऊ त्याच्या जागी उपस्थित होता. तेव्हा सुतकातील वारस, गैरहजर अधिपतीचा प्रतिनिधी, एखाद्या चिमुकल्या राज्याचा धनी आणि दक्षिणेचा महाबलाढ्य राजा हे सर्व ‘त्झु’च. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पुत्र’. दरबाराच्या पंक्तीत ज्याचे स्थान पूर्णपणे सिद्ध झालेले नाही असा, एवढाच समान भाव ह्या चारही उपयोगांत दिसतो. त्याला एखाद्या श्रेणीची चौथी पायरी समजणे म्हणजे शब्दाचा संदर्भ सोडून केवळ शब्द धरण्यासारखे आहे.

च्येनथूच्या शपथसभेविषयी आणखी एक दुर्मिळ साधन उपलब्ध आहे. ‘छुन-छ्यू’त तेथील उपस्थितांचा क्रम चिनचा हौ, छीचा हौ, सुंगचा कुंग, त्सायचा हौ, चेंगचा पो, वेचा त्झु आणि च्यूचा त्झु असा आहे. श्रेणीच प्रमाण मानली असती, तर सुंगचा कुंग सर्वप्रथम आला असता. परंतु विजयी चिन आणि बलाढ्य छी त्याच्या पुढे आहेत. उलट, ‘त्सो-च्वान’मध्ये इ. स. पू. ५०६ च्या एका वादाच्या प्रसंगी वेच्या एका अधिकाऱ्याने त्याच शपथेच्या मूळ लेखातील यादी सांगितली आहे. तीत चौ राजाशी समगोत्री असलेली चिन, लू, वे, त्साय आणि चेंग ही राज्ये आधी येतात. छी, सुंग आणि च्यू नंतर. मुख्य म्हणजे त्या यादीत पदवी एकाचीही नाही. सर्वांची केवळ व्यक्तिनामे आहेत. एकाच दिवशी, एकाच शपथेसाठी जमलेल्या मंडळींच्या ह्या दोन याद्या शेजारी ठेवल्या, की पदव्यांची पंक्ती ही लूच्या इतिवृत्तकाराच्या लेखनपद्धतीचा भाग होती, ती सर्वत्र एकसारखी पाळली जात नव्हती, हे उघड होते.

बाह्य पुरावाही ह्याच दिशेने बोट दाखवितो. १९७८ साली शेन्सी प्रांतातील पाओची येथे छिनच्या अधिपतीने करविलेल्या कांस्य घंटा सापडल्या. ‘छुन-छ्यू’ ज्याला ‘पो’ म्हणते, तो छिनचा अधिपती तेथील कोरीव लेखात स्वतःस ‘कुंग’ म्हणवितो. त्याच वर्षी हूपे प्रांतातील स्वेचौ येथे त्संगचा हौ यी ह्याच्या थडग्यात छूच्या राजाने इ. स. पू. ४३३ मध्ये अर्पण केलेली घंटा मिळाली. तिच्यावरील लेखात दाता ‘छूचा राजा’ आहे. त्याआधी १९५४ मध्ये च्यांगसू प्रांतात मिळालेल्या एका कांस्यपात्रावरील लेखात चौ राजाने एका सरदारास यी येथे नेऊन हौ नेमल्याचे, आणि त्यास भूमी व माणसे दिल्याचे वर्णन आहे. तेथे ‘हौ’ ही मानाची पायरी नसून सीमेवरील भूमी राखण्याची नेमणूक आहे. ‘पो’ म्हणजे घराण्यातील ज्येष्ठ, ही त्या शब्दाची जुनी ओळख. फू स्स-न्येन ह्यांनी १९३० मध्येच असे दाखवून दिले होते की, ही पाच नावे एका मुशीतून निघालेली नसून काही कुटुंबातील नात्यांची, तर हौ हे लष्करी जबाबदारीचे नाव होते. ली फंग ह्यांनी २००८ मध्ये ह्याच प्रश्नाचा फेरविचार करून, भिन्न मुळांची ही नावे एका ओळीत बसविण्याचे काम पुढे राज्याराज्यांच्या सभांच्या काळात झाले, असा निष्कर्ष मांडला.

इतर राज्यांच्या इतिवृत्तांशी तुलना केली असता हा निष्कर्ष दृढ होतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात वे घराण्याच्या एका थडग्यातून (हे वे चिनच्या विभाजनातून निघालेले, वर आलेल्या वेहून निराळे) बांबूच्या पट्ट्यांवरील इतिवृत्त बाहेर आले. ‘त्सो-च्वान’चा टीकाकार तू यू ह्याने ते पाहून त्यातील काही नोंदी ‘छुन-छ्यू’शी ताडून पाहिल्या. इ. स. पू. ७२२ मध्ये लूच्या अधिपतीने चू नावाच्या लहान राज्याच्या अधिपतीशी शपथ घेतली. लूच्या इतिवृत्तात हा गृहस्थ पदवीवाचून केवळ ‘चूचा यी-फू’ ह्या आदरनामाने येतो, इ. स. पू. ६७८ मध्ये त्याच्या मृत्यूच्या नोंदीत तो ‘त्झु’ होतो. आणि बांबूच्या इतिवृत्तात तो ‘च्वांग कुंग’ आहे. माणूस एक, दप्तरे दोन, आणि उल्लेख तीन प्रकारचे. छिंग-ह्वा विद्यापीठाकडे २००८ मध्ये आलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शी-न्येन’ ह्या १३८ पट्ट्यांच्या इतिहासग्रंथात छूचे अधिपती सरळ ‘राजा’ म्हणून येतात. ह्या पट्ट्या शास्त्रशुद्ध उत्खननातून आलेल्या नसल्याने त्यांचा आधार सावधपणे घ्यावा लागतो. परंतु छूच्या परंपरेत छूचा राजा हा राजाच होता, हे कांस्यलेखांनीही सिद्ध आहेच.

मग ह्या पदव्या निव्वळ शिष्टाचार होत्या, त्यांना व्यवहारात वजन नव्हते, असे म्हणावे काय? तसे म्हणणेही चुकीचे ठरेल. इ. स. पू. ५२९ मध्ये फिंगछ्यू येथील सभेत चेंगचा मुत्सद्दी त्झु-छान ह्याने खंडणीचा प्रश्न उपस्थित केला. चेंग हे पो-नान ह्यांच्या दर्जाचे राज्य असताना त्याच्यावर कुंग-हौ ह्यांच्या मानाने खंडणी लादली जाते, ती पेलणे शक्य नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तो वाद घालीत राहिला, आणि अखेर चिनने त्याचे म्हणणे मान्य केले. येथे एक राज्य आपली पदवी कमी असल्याचा लाभ मागत आहे. थेंगचा अधिपती इ. स. पू. ७१२ मध्ये हौ असतो आणि दोनच वर्षांनी त्झु होतो; श्वेचा अधिपती हौचा पो होतो. ह्या घसरणीमागे कन्फ्यूशियसची निंदा शोधण्यापेक्षा दुबळ्या राज्यांची अशी व्यवहारी नम्रता शोधणे अधिक सयुक्तिक होय, असा तर्क चिनी अभ्यासकांतही मांडला गेला आहे. अर्थात प्रत्येक उदाहरणास एकच कारण लावता येणार नाही. लहान छी राज्याचा (हे पूर्वेकडील बलाढ्य छीहून निराळे) अधिपती इ. स. पू. ६६७ मध्ये पो, ६३७ आणि ६३३ मध्ये त्झु आणि ६१५ मध्ये पुन्हा पो म्हणून येतो. ‘त्सो-च्वान’ त्याचे कारण त्याने परकीयांचे विधी स्वीकारले, असे देते. म्हणजे लूच्या दरबारात पाहुण्याने कोणत्या रीतीने वर्तन केले, ह्यावरही त्याची पदवी अवलंबून असू शकत होती.

‘छुन-छ्यू’त हेतुपुरस्सर लेखन मुळीच नाही, असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. इ. स. पू. ६३२ च्या हिवाळ्यात चिनच्या अधिपतीने चौ राजास सभेसाठी बोलावून घेतले. बांबूच्या इतिवृत्तात राजा हयांग येथे अधिपतींना भेटला असे स्पष्ट आहे. लूच्या इतिवृत्तात राजा तेथे शिकारीस गेला होता. इ. स. पू. ७१२ मध्ये लूच्या यिन कुंगाचा खून झाला. नोंद आहे ती ‘कुंग निवर्तला’ एवढीच, आणि दफनाचा उल्लेख नाही. हा संकोच आहे, आणि तो जाणूनबुजून आहे. परंतु तो एका ऋषितुल्य लेखकाचा वैयक्तिक निवाडा नसून स्वतःच्या घराण्याची आणि राजाची लाज राखणाऱ्या दप्तराचा नियम आहे. इतर नोंदींत तर एवढाही हेतू दिसत नाही. मृत्यूच्या नोंदींत तारखेचा तपशील कमीअधिक का असतो, ह्याचा शोध जॉर्ज केनेडी ह्यांनी १९४२ मध्ये घेतला, तेव्हा त्याचा संबंध अधिपतीच्या गुणदोषांशी नसून त्याच्या राज्याच्या लूपासूनच्या अंतराशी आहे, असे त्यांना आढळले. बातमी जशी आली, तशी लिहिली गेली.

ह्या नियमबद्धतेमुळे इतिवृत्तकारांच्या धैर्याची किंमत कमी होत नाही. इ. स. पू. ६०७ मध्ये चिनचा अधिपती मारला गेला, तेव्हा प्रत्यक्ष हत्या न केलेल्या चाओ तुन ह्या मंत्र्यावर तुंग हू ह्या इतिवृत्तकाराने तिचा दोष ठेवला. इ. स. पू. ५४८ मध्ये बलाढ्य छी राज्यात छ्वे चू ह्याने अधिपतीचा वध केल्याची नोंद करणारा इतिवृत्तकार मारला गेला. तेच लिहिल्याबद्दल त्याचे दोन भाऊ गेले. आणि तरीही उरलेल्या भावाने तीच ओळ पुन्हा लिहिली. दप्तरातील एका ओळीसाठी माणसे प्राण देत होती, ती त्या दप्तराचे नियम पवित्र मानीत म्हणूनच. त्या नियमांचा अर्थ शोधणे हे समीक्षकाचे काम आहे. त्यांच्या जागी नंतरच्या काळातील श्रेणी किंवा नंतरच्या काळातील नीती बसविणे हे नव्हे.

ह्या विवेचनातून अभ्यासकाने दोन सावधगिऱ्या घ्याव्यात. पहिली भाषांतराची. लेग ह्यांनी कुंग, हौ, पो, त्झु आणि नान ह्यांस ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशी युरोपीय नावे दिली आणि ती रूढ झाली. त्यांनी पाच भिन्न मुळांच्या शब्दांस एका पक्क्या उतरंडीचे रूप आले. मराठीत लिहिताना महामंडलेश्वर, महासामंत, सामंत असे आपल्याकडील ताम्रपटांतले शब्द योजण्याचा मोह होईल. त्यानेही हाच घोटाळा होईल. मूळ शब्द ठेवून त्यांचा अर्थ त्या त्या ठिकाणी सांगणे अधिक सुरक्षित आहे. दुसरी सावधगिरी पुराव्याची. एखाद्या अधिपतीस ‘छुन-छ्यू’त पो म्हटले आहे, एवढ्यावरून चौ राजाने त्याला पो केले होते असे अनुमान काढता येत नाही, त्या वर्षी, त्या प्रसंगी, लूच्या दप्तराने त्यास पो म्हणून ओळखले, इतकेच निश्चितपणे म्हणता येते. पंचश्रेणीचा हा ग्रंथ साक्षीदार नाही. ज्या नोंदींतून पुढे ती श्रेणी घडत गेली, त्यांपैकी एक हा ग्रंथ आहे. ह्या भूमिकेतून वाचल्यास त्याचे मूल्य घटत नाही. चौ राजाची सत्ता क्षीण होत असताना, खंडणी, शपथा आणि सुतके ह्यांच्या व्यवहारातून एक लहान राज्य आपल्या भोवतीच्या जगाची पंक्ती कशी लावीत होते, ह्याचा इतका सलग पुरावा दुसऱ्या कोणत्याही इतिवृत्तात राहिलेला नाही.